घरटी एक वाटी तेल

आमच्या घरात तेलाची पिशवी संपली असं कोणी लगेच म्हणायचं नाही. आई तिचा एक कोपरा कात्रीनं कापायची, तेल डब्यात ओतायची, मग पिशवी डब्यावर उलटी टांगून ठेवायची, आणि संध्याकाळी तीच पिशवी उभी चिरून तिच्या आतल्या अंगावरून कणकेचा गोळा फिरवायची. पिशवी कोरडी होऊन हातात खडखडायला लागली की मगच कचऱ्यात जायची. हे ती स्वस्ताईतही करायची. त्यामुळं त्या वर्षी तेल महागलंय हे मला पिशवीवरून कळलं नाही, कानावरून कळलं. घरातला तळणीचा आवाज बंद झाला होता.

आई डबे करायची. छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून पिशवी डोक्यावर घेऊन चालत येता येईल एवढ्या अंतरावर आमची गल्ली. पहाटे छावणीतला बिगुल वाजायचा, पण त्याच्या आधी आमच्या घरात परातीवर बांगड्या वाजायच्या. बाबा वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर होते. त्यांची शिफ्ट कोणतीही असो, आईची शिफ्ट एकच. विद्यापीठातली मुलं, स्पर्धा परीक्षावाली मुलं, दवाखान्यातल्या दोन नर्सबाया, सगळे तिचे डबेवाले. वरण, भाजी, चपाती, ज्याला पाहिजे त्याला भाकरी. आणि रविवारी पुरी. आईची पुरी फुगली की तिच्यावर टिचकी मारायची मला सवय होती; आत कोंडलेली वाफ फुस्सकन बाहेर यायची आणि आई म्हणायची, "मार, मार, चार पोरायच्या डब्यात चपटी पुरी जाऊ दे तुझ्यापायी." त्या वर्षी एका रविवारी मी टिचकी मारायला गेले तर परातीत चपात्या. पुढच्या रविवारीही चपात्या. पापड तळायचे थांबले, गॅसवर भाजले जायला लागले. भाजीवरचा तांबडा तवंग पातळ झाला. डबेवाल्या पोरांनी कुरकुर केली, तेव्हा आई दारातूनच म्हणाली, "लढाई चालू हाय तिकडं. टीव्ही बघता का नुसतंच मोबाइल बघता?"

मी तेव्हा अर्थशास्त्रात एम.ए. करत होते, शेवटच्या वर्षाला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी हळू आवाजात सांगत नाही. आत्मकथन साठीनंतर लिहायचं असतं, असं मला एका प्राध्यापकांनी अलीकडंच ऐकवलं. लिहू दे त्यांना साठीनंतर. आमच्याकडं कोणतीही गोष्ट साठीपर्यंत राखून ठेवायची पद्धत नाही, आणि ही तर मला आत्ताच सांगायची आहे, मी वाचून दाखवताना आई अजून माझ्या चुका काढू शकते तोवर.

वर्गात सरांनी आयात केलेल्या महागाईवर व्याख्यान दिलं होतं. फळ्यावर बाण काढले होते: जागतिक किंमत, रुपयाचा दर, देशातली किंमत. बाण बघून मला झोप यायची. पण घरी आले की तेच बाण चालत-बोलत समोर यायचे. सूर्यफुलाचं तेल काळ्या समुद्राकडून यायचं, तिथं बॉम्ब पडत होते. पामतेल इंडोनेशियातून यायचं, तर त्या सरकारनं आपल्याच लोकांना पुरेना म्हणून बाहेर पाठवण्यावर बंधनं घातली होती. ही दोन्ही तेलं खाणारे लोक मग सोयाबीनवर पडले, म्हणून सोयाबीन चढलं. सोयाबीन चढलं म्हणून शेंगदाणा आणि करडईही, ज्यांचा त्या लढाईशी काही संबंध नव्हता, उगाच नाक वर करून बसले. बाजारात करडईवाला म्हणाला होता, "ताई, सगळेच वाढायलेत, मग मीच काऊन मागं राहू?" फळ्यावरच्या बाणांत हे वाक्य बसत नव्हतं, पण खरं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाला वरच्या मजल्यावर यासीन राहायचा. यमनचा. आमच्या शहरात तिकडची मुलं शिकायला येतात हे बाहेरगावच्या लोकांना नवल वाटतं, आम्हाला नाही. तो पीएच.डी. करत होता, आईचा डबा खात होता आणि तिला अम्मी म्हणत होता. त्याची हिंदी छावणीच्या बाजारात शिकलेली, त्यामुळं दख्खनी वळणाची. एकदा डबा परत द्यायला आला तेव्हा मोबाइलवर त्याच्या घरचा फोटो दाखवला. त्याच्या आईनं हातावर एक रोटी धरली होती, तळहाताएवढीच.

"पहले इत्ती बड़ी आती थी," त्यानं दोन्ही हात पसरले. "अब दाम वोइच है, रोटी छोटी हो गई."

आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "तुमच्याकडं गहू पिकत नाय का रे?"

"थोड़ा. बाकी सब बाहर से, अम्मी. जहाज नहीं आया तो चूल्हा नहीं."

तेव्हा मला एक गोष्ट अशी लख्ख दिसली की मी ती पुढं परीक्षेत तशीच लिहिली आणि मार्कही मिळवले. जगात गव्हाचा भाव एकच वाढतो, पण तो प्रत्येक देशात सारखा लागत नाही. ज्या देशात माणसाच्या कमाईतला लहानसा वाटा खाण्यावर जातो, तिथं लोक कुरकुर करतात आणि पोटभर जेवतात. आमच्यासारख्या घरात निम्म्याहून जास्त कमाई पोटात जाते, तिथं रविवारची पुरी जाते. आणि जिथं गहूच बोटीतून येतो, तिथं रोटीच तळहाताएवढी होते. टीव्हीवर त्याच दिवसांत श्रीलंकेतल्या बाया दूध पावडरीसाठी रांगेत उभ्या दिसायच्या. आमची पुरी म्हणजे अर्धी आपली आणि अर्धी परक्याची: गहू आपला, तेल त्यांचं. यासीनच्या घरी दोन्ही परक्याचं.

हे सगळं कळलं, तरी त्यानं पुरी परत आली नाही. आणि पुरी परत यायलाच पाहिजे होती, कारण चौदा एप्रिल जवळ आला होता.

आमच्या गल्लीत जयंतीला रस्त्यावर मंडप टाकून पुरी-भाजी वाटतात. जो रस्त्यानं जाईल त्याला, जात-गाव न विचारता. पीठ घरटी गोळा होतं, तेल वर्गणीतून येतं, कढईवर आई असते. आमच्या गल्लीचे दोन नियम होते. एक, मंडपावर निळे झेंडे आणि तसबीर सोडून कोणाचंही नाव नाही, कोणाचाही फोटो नाही. दुसरा नियम आईचा: पुरी ताटात टाकायची नाही, हातात द्यायची. दोन वर्षं कोरोनानं जयंती घरातल्या घरात झाली होती. तिसऱ्या वर्षी मंडप पडणार होता, आणि वर्गणीचे पैसे घेऊन नाना तेल आणायला गेले ते त्या पैशांत निम्मेच डबे येतील हे ऐकून परत आले.

नाना म्हणजे गल्लीचे वडीलधारे, छावणीत मिलिटरीच्या मेसमध्ये आयुष्यभर स्वयंपाक केलेले. विहाराच्या अंगणात बैठक बसली. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"या साली खिचडी करू," ते म्हणाले. "तांदूळ हाय, डाळीचं बघता येईल. लोकं काय नाव ठेवणार नायत."

"खिचडी?" आई बायांच्या घोळक्यातून म्हणाली. "दोन वर्षांनी बाहेर निघायलो आन् खिचडी वाटायची? दवाखान्यातून सुटलोय का आपण, नाना?"

हशा झाला. त्या हशातच राजूभाऊ उभा राहिला. राजूभाऊ पलीकडच्या कॉलनीतला, प्लॉटिंगचा धंदा करणारा. निवडणूक कधी लागणार हे कोणालाच माहीत नव्हतं, तरी चौकाचौकांत त्याचे 'भावी नगरसेवक' असे बॅनर लागलेले. आमच्या बैठकीला त्याला कोणी बोलावलं होतं हे मला आजवर कळलेलं नाही.

"काकू, पुरीच व्हईल," तो म्हणाला. "तेलाचे डबे माझ्याकडून. लागतील तेवढे. मंडपाच्या तोंडाला फक्त एक छोटा बॅनर लावू."

"छोटा म्हंजी केवढा?"

"जेवढा मंडप तेवढा."

पुन्हा हसले लोक, पण या वेळी निम्मेच. उरलेले विचार करत होते, आणि मला ते दिसत होतं. त्यांना मी दोष देत नाही. दोन वर्षांत कितीतरी जणांचं काम गेलं होतं. नानांनी माझ्याकडं मान वळवली. "सुजा, तू शिकायलीस ना हे. सांग की तेल काऊन महागलं ते."

मी उभी राहिले आणि सांगितलं: काळा समुद्र, इंडोनेशिया, करडईवाला. विहाराच्या अंगणात पहिल्यांदाच कोणीतरी इंडोनेशिया हा शब्द माइकशिवाय, मोठ्यानं उच्चारला असेल. राजूभाऊनं सगळं ऐकून घेतलं आणि टाळी वाजवली.

"लई हुशार हाय पोरगी. मग एवढी शिकलीस तर कर ना तेल स्वस्त."

या वेळचं हसू माझ्यावर होतं. कान तापले. पण बसले नाही.

"स्वस्त करणं माझ्या हातात नाय, भाऊ," मी म्हणाले. "पण तेल महाग काऊन झालं हे ज्याला कळतं, त्याला ते फुकट काऊन मिळायलंय हेबी कळतं."

मागून कोणीतरी शिट्टी मारली. राजूभाऊ हसतच बसला. तो असा सहज रागावणारा माणूस नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं. बैठक काही न ठरता उठली. जाता जाता तो नानांना म्हणाला, "डबे टेंपोत भरून ठेवतो. लागले की हाक मारा." त्याला खात्री होती की हाक येणार.

दुसऱ्या दिवशी डब्यांची गडबड उरकल्यावर आई कणिक मळत बसली होती. मी तिला म्हटलं, घेतले दोन डबे तर काय बिघडणार होतं, एका दिवसाचा तर बॅनर. मला खरोखर तसं वाटत होतं असं नाही. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती मळायची थांबली नाही.

"सोयगावकडं, आमच्या गावात," ती म्हणाली, "मोठ्या घरचं लगीन असलं की आम्ही पोरं भिंतीकडंला बसायचो. पंगती उठल्या की एक बाई पुरीचं टोपलं घेऊन यायची. हात उंच धरायची. वरून टाकायची आमच्या पसरलेल्या वट्यात, शिवाशिव नको म्हणून. एकदा माझी पुरी खाली पडली. मातीत. मी उचलली, फुंकली आन् खाल्ली." तिनं गोळा परातीत जोरानं दाबला. "चांगली लागली ती. चांगली लागली ना, त्याचाच मला राग येतो आजवर."

मग ती मला म्हणाली, "बॅनर लावला की हात वर गेला. कढई कोणाचीबी असू दे."

तिथंच मी म्हणाले, पीठ घरटी येतं, मग तेल काऊन घरटी येऊ नये? एक वाटी. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी घरटी एक-एक बांगडी मागा म्हणाले. त्या वर्षी तेल मागायचं म्हणजे काय हे डबेवालीला सांगायची गरज नव्हती. तिनं हात धुतले, दुधाची केटली उतरवली, घासली, पुसून कोरडी केली. आपल्याच डब्यातली पहिली वाटी तिनं त्यात ओतली. काठोकाठ, वाटीला बोट लावून निपटून. मग म्हणाली, "चल. तू बोल, मी केटली धरते."

त्या फेरीचं सगळं सांगत बसले तर प्रकरण संपणार नाही. एका नव्या सुनेनं दाराआडून विचारलं, "सोयाबीन चाललं का?" एका घरातून अर्धीच वाटी आली आणि देणारी बाई आमच्याकडं न बघता म्हणाली, "बाकीची पुढच्या जयंतीला." रिक्षावाला बबन म्हणाला, "घ्या, पण माझ्या तेलातली पुरी मला वेगळी काढून ठेवा." शेवटच्या घरातल्या म्हातारीनं करमाडच्या भावानं दिलेलं घाण्याचं करडईचं तेल काढलं, पिवळंजर्द, वासाचं, गुडघ्याला लावायला जपलेलं. "गुडघे काय, दुखतच राहतील," ती म्हणाली. दोन दारं वाजवूनही उघडली नाहीत. आम्हीही दुसऱ्यांदा वाजवली नाहीत. आणि यासीन जिन्यावरून धावत खाली आला, हातात चहाचा कप, कपात तेल. "वाटी नहीं है मेरे पास, अम्मी. कप चलेगा?"

चौदा तारखेला सकाळी कढई चढली. नाना भट्टीजवळ, आई झाऱ्याजवळ, बाया पाट-लाटणं घेऊन ओळीनं. समोर रस्त्याच्या पलीकडं टेंपो उभा होता, त्यात तेलाचे डबे, टपावर गुंडाळलेला बॅनर. राजूभाऊ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात निळा रुमाल, खुर्चीवर. आईनं वर्गणीत बसलं तेवढं तेल कढईत ओतलं आणि त्यावर केटली रिती केली. पाम, सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा, घाण्याची करडई, सगळं एकाच वेळी. तेल तापलं, आईनं पहिली पुरी सोडली, आणि कढई उठली. पांढरा फेस असा भराभर वर आला की दूध उतू जातंय असं वाटावं. काठाशी आला, एक लोळ भट्टीवर सांडला, भस्सकन जाळ झाला. बाया ओरडत मागं सरल्या. पाकिटातलं गाळीव तेल आणि घाण्याचं कच्चं तेल आधी न कढवता एकत्र केलं की फेस येतो, हे आईला आणि नानांना दोघांनाही माहीत होतं. पण त्या सकाळी कोणाचं तेल वेगळं काढून कढवायचं, कोणाचं आधी आणि कोणाचं नंतर, हा विचारच आमच्या मनात आला नव्हता. एकत्र करायचं एवढंच डोक्यात होतं.

राजूभाऊ उठून आला. "काकू, फेका ते. टेंपो इथंच हाय."

रांगेत लोक उभे होते. मुलं ताटल्या वाजवत होती. गल्लीतल्याच काही बाया आईकडं बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत तेच होतं जे बैठकीत होतं.

"फेकू?" आई म्हणाली. "म्हातारीचे गुडघे हायेत त्याच्यात. नाना, जाळ कमी करा."

"अवो, ते बाहेरच्या पोराचं तेल चालतं तुम्हाला," राजूभाऊ यासीनकडं हात करून म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "दुसऱ्या देशातलं पोरगं! आन् माझं चालत नाय?"

"त्यानं कपावर नाव लिवलं नव्हतं," आई म्हणाली, आणि झारा आडवा धरून फेस बघत उभी राहिली.

नानांनी लाकडं ओढली. फेस उतरेपर्यंत थांबायचं, तेलातलं पाणी जाऊ द्यायचं, एवढंच करण्यासारखं होतं. रस्त्यावर एवढे लोक आणि तळणीचा आवाज नाही, अशी ती वेळ होती. मी रांगेपाशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "थोडं थांबा. या कढईत गल्लीतल्या घरांचं तेल हाय, त्याला एकमेकांची ओळख व्हायला वेळ लागायलाय." रांगेतला एक जण म्हणाला, "आमच्या सोसायटीत तर दहा वर्षांत नाय झाली." लोक हसले, आणि कोणीही रांग सोडली नाही. फेस हळूहळू कडेला गेला, कढईच्या मध्यात तेल काळसर चमकायला लागलं. आईनं पुरी सोडली. ती तळाशी गेली, क्षणभर तिथंच राहिली, मग वर आली आणि टम्म फुगली. तो चर्र आवाज, सगळ्या गल्लीनं ऐकला. मी टिचकी मारली नाही. त्या पुरीवर नाही मारवली.

टेंपो दुपारपर्यंत उभा होता, मग गेला. राजूभाऊ मात्र गेला नाही. उन्हात रुमालानं तोंड पुसत शेवटी तो रांगेत आला, मी स्वतः पाहिलं, आणि नंबर लागल्यावर सवयीनं ताटली पुढं केली.

"ताटली नको," आई म्हणाली. "हात पुढं करा."

त्यानं हात पुढं केला. आईनं दोन पुऱ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या, तिची बोटं त्याच्या हाताला लागली, आणि तिनं हात लगेच काढून घेतला नाही. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "करडईचा वास यायलाय. माझी आजी करायची अशी." आई म्हणाली, "अजून घ्या." एवढंच बोलणं झालं. पुढं त्यानं आमच्या गल्लीत बॅनर लावायचं नाव काढलं नाही. तो चांगला झाला, असा माझा दावा नाही. दुसऱ्या गल्ल्यांत त्याचे बॅनर होतेच.

यासीनचे रोजे चालू होते. दिवसभर तो पाण्याचे जार उचलत होता, तोंडात थेंब नाही. आईनं त्याच्या पुऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, आणि मशिदीतून अजान आली तेव्हा आधी खजूर दिला, मग पुरी, हातात. मोठी, त्याच्या पसरलेल्या पंजाएवढी. तिनं मुद्दाम लाटली होती.

त्यानंतर महिनाभरानं आपल्या देशानं गहू बाहेर पाठवायचं बंद केलं. उन्हाळ्यात पीक करपलं होतं, भाव चढले होते, देशातल्या लोकांना पुरायला पाहिजे होतं. इंडोनेशियानं तेलाचं जे केलं तेच आपण गव्हाचं केलं, आणि मी त्याला चूक म्हणू शकत नाही, बरोबर म्हणतानाही माझी जीभ अडते. आज वर्गात हा भाग शिकवते तेव्हा मुलांना दोन्ही बाजू सांगते. पण त्या संध्याकाळी यासीन डबा घ्यायला आला तेव्हा माझ्याजवळ एकही बाजू नव्हती. घरून त्याचे पैसे यायचे थांबले होते. तो दारातच उभा राहिला.

"अम्मी, डबा बंद करो मेरा," तो म्हणाला. "अब तो तुम्हारा गेहूं भी बंद हो गया." हसायचा प्रयत्न करत होता. "खैरात नको मेरे को."

आई परातीपासून उठली. मला वाटलं ती त्याची समजूत काढेल. तिनं डबा भरला, झाकण लावलं आणि त्याच्यासमोर धरला. तो घेईना. तिनं त्याचा हात ओढला आणि कडी त्याच्या बोटांत अडकवली.

"तू कप भरून तेल दिलं तवा मी खैरात म्हटलं व्हतं का?" ती म्हणाली. "गहू सरकारनं बंद केला असंल. मी नाय केला. उद्या डबा धुऊन आण."